मोरघळीतली दाढ

औरंगपुऱ्यात दातांचे डॉक्टर पुष्कळ झाले, पण रोग्याला दातांपेक्षा डोंगरदऱ्यांची जास्त माहिती देऊन घरी पाठवणारा डॉक्टर एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. एकदा का माणूस त्यांच्या खुर्चीत मान टेकून बसला की डॉक्टर त्याच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबत, आरसा आत सारत आणि दिव्याची मान खाली ओढून विचारत, "तुम्ही मोरघळ पाहिली का?" अशा अवस्थेत माणूस काय उत्तर देणार? तो घशातून काहीतरी आवाज काढी. डॉक्टर त्याचा अर्थ 'नाही' असा घेत आणि वर्णनाला सुरुवात करत. ज्यानं खरोखर पाहिली होती त्याचाही आवाज तसाच येई, त्यामुळं त्यालाही पहिल्यापासून सगळं ऐकावं लागे. दात भरून झाला, बोळे निघाले, चूळ भरून झाली तरी डॉक्टर अजून दरीच्या मध्यावरच असत. मग रोगी तोंड पुसत अदबीनं उभा राही आणि डॉक्टर त्याला हात धरून वर काढीपर्यंत जिना उतरत नसे.

मोरघळ कन्नडच्या पुढं सातमाळ्याच्या डोंगरात आहे. पठारावरच्या एका लहानशा गावातून माणूस शेताच्या बांधानं चालू लागतो, आणि चालता चालता समोरची जमीन एकाएकी संपते. खाली काळ्या पाषाणाची अरुंद, खोल दरी. पावसाळ्यात तिच्यातून ओढा असा धावतो की जवळ जायची सोय नाही. हिवाळ्यात गवत कमरेइतकं वाढलेलं असतं आणि कुसळं पायजम्यातून आत शिरून माणसाला नाचवतात. म्हणून डॉक्टर चैत्र-वैशाखात जात, म्हणजे शहरातली शहाणी माणसं वाळ्याचे पडदे भिजवून आत पडून राहतात तेव्हा. ओढा आटलेला, झाडं निष्पर्ण, दगड तापलेले, सगळीकडं रखरखाट. डॉक्टरांना त्यात स्वर्ग दिसे. गावाजवळच्या टोकानं खाली उतरायचं, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून धोंडे ओलांडत चालायचं, दुसऱ्या टोकाच्या कपारीतून वर चढायचं आणि मग कड्याकड्यानं, खालची आपलीच वाट वरून बघत, पुन्हा गावात यायचं. याला ते 'फेरा' म्हणत. नुसतं वरून दरी बघून परतणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. रोग्याचा फोटो पाहून दाढ काढण्यातला हा प्रकार आहे, असं ते म्हणत.

फेऱ्याला जाताना दवाखाना बंद ठेवावा लागे आणि दारावर पाटी लावावी लागे. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं, 'डॉक्टर दरीत गेले आहेत.' दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहतात तो घरापुढं चपलांचा ढीग. शेजारचे कापडवाले हार घेऊन आलेले, एक जुना रोगी ओसरीवर बसून डॉक्टरांनी बसवलेली कवळी काढून लोकांना दाखवत होता आणि कामात कसा हात होता ते सांगत होता. सासूबाई सगळ्यांना समजावून थकल्या होत्या. डॉक्टर धुळीनं माखलेले आत आले, जमलेल्या मंडळींकडं त्यांनी पाहिलं आणि एवढी माणसं आयती बसलेली बघून तिथंच फेऱ्याचा वृत्तान्त सांगायला घेतला. हारवाल्यांनी हार शेवटी त्यांच्याच गळ्यात घातला.

डॉक्टर शिकले निजामाच्या अमदानीत, उर्दूतून. दातांचं शिक्षण हैदराबादला झालं. पोलीस ॲक्शननंतर ते औरंगाबादला परतले ते दातांच्या खुर्चीसकट. ती लोखंडी खुर्ची स्टेशनवरून बैलगाडीत उभी करून आणली आणि डॉक्टर स्वतः तिच्यात बसून आले. ते दिवस असे होते की लोक शेजाऱ्याशीसुद्धा दार अर्धं लोटून बोलत. दवाखाना उघडला तरी जिना कुणी चढेना. पहिला माणूस आला तो गाल सुजलेला, उपरण्यानं जबडा बांधलेला. हे खाँसाहेब. पलीकडच्या गल्लीत त्यांचं सायकलींचं दुकान होतं. दाढ निघाली, सूज उतरली, आणि आठवड्याभरानं खाँसाहेब सायकलवरून आले आणि म्हणाले, डाक्टर, तुम्ही माझ्यावर उपकार केले, मी तुम्हाला एक चीज दाखवतो. त्यांचे मामा कन्नडकडं जंगलखात्यात होते. ती चीज म्हणजे मोरघळ. तेव्हापासून दोघांचा फेरा एकाही उन्हाळ्यात चुकला नाही.

आता या दोघांची तयारी सांगायला हवी. डॉक्टर खाकी अर्धी चड्डी, पायांत टायरच्या चपला आणि अंगात दवाखान्यातलाच पांढरा कोट अशा थाटात निघत. कोटाला खिसे भरपूर, हे त्याचं कारण. खाँसाहेब शेरवानी तेवढी घरी ठेवत, बाकी टोपी, इस्त्रीचा पायजमा आणि छत्री. दरीत छत्री कशाला, असं डॉक्टर दर वर्षी विचारत आणि दर वर्षी दुपारी त्याच छत्रीखाली शिरत. पाणी कॅनव्हासच्या छागलीत, कारण बाटलीतल्या पाण्याला बाटलीचा वास येतो असा डॉक्टरांचा सिद्धान्त. शिवाय एक स्टीलचा डबा. त्यात चिमटे, सुया, भुलीचं औषध, कापूस आणि स्पिरिट. फेरा संपून गावात आलं की लिंबाखाली दातदुखीवाले वाट बघत बसलेले असत. तिथं डॉक्टर दगडावर बसवून दाढा काढत. दरीतल्या जागांना नावंही त्यांनीच दिलेली. एक सुटा उभा सुळका होता, त्याला 'अक्कलदाढ' म्हणत. ओढ्यानं कातळात कोरलेल्या गोल रांजणखळग्यांना 'कीड' म्हणत, आणि एखादा खळगा मागच्या वर्षीपेक्षा मोठा वाटला तर वेळीच भरला असता तर ही वेळ आली नसती, असं गंभीरपणे बोलत.

त्यांना मुलगी एकच. ती लग्नाची झाली तेव्हा डॉक्टरांनी नातेवाइकांना स्वच्छ सांगितलं की मुलगा दिवाणखान्यात पोहे खाताना कसा दिसतो हे मला बघायचं नाही. मला तो मोरघळीत बघायचा आहे. नातेवाइकांनी हात टेकले. तरी स्थळं आली. जालन्याचे एक वकील नवे कोरे बूट घालून आले आणि पहिल्या उतारावरूनच, कोर्टाचं काम आठवलं म्हणून, परत फिरले. एका प्राध्यापकांनी दरी कशी तयार झाली हे डॉक्टरांनाच समजावून सांगायला सुरुवात केली, ते तर पठारावरच नापास झाले. एकजण फेरा पूर्ण करून आला, पण वर कड्यावर हवा सुटलेली असताना, खाली सगळी दरी सोनेरी झालेली असताना, त्यानं हुंड्याचा विषय काढला. खाँसाहेब सांगत की डॉक्टरांनी त्याला काही बोलून दाखवलं नाही. फक्त गावातल्या लिंबाखाली बसवून त्याचे दात तपासले आणि म्हणाले, "भूक मोठी आहे, दात पुरणार नाहीत."

मी मूळचा पाचोडचा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तेव्हा सुपरवायझर होतो. घरी शेती, बैल, आठवडी बाजार, एवढंच आमचं जग. एका ओळखीच्या गृहस्थांनी हे स्थळ सुचवलं तेव्हा वडिलांनी मुलीचा बाप काय करतो ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "दाताच्या डाक्टराची पोरगी हाय व्हय? मग जाय बाबा. पर तिथं तोंड जपून उघड." दरीचं कळलं तेव्हा मात्र ते खूश झाले. त्यांना वाटलं, डोंगरात जमीन असेल.

शनिवारी दुपारी आम्ही एसटीनं निघालो. डॉक्टर, खाँसाहेब, मी आणि ती. मुलगीही बरोबर येते हे मला स्टँडवर कळलं. ती दर वर्षी येत असे. पुढच्या बाकावर डॉक्टर आणि खाँसाहेब बसले आणि कन्नड येईपर्यंत कंडक्टरचा एक दात काढायला झाला आहे की नाही यावर वाद घालत होते. कंडक्टर बिचारा तोंड मिटून तिकिटं फाडत होता. रात्री गावातल्या शाळेच्या ओसरीवर झोपलो आणि उजाडताच दरीत उतरलो.

उतरताना मला वाटलं होतं की आता प्रश्न सुरू होतील. पगार किती, भाऊ किती, जमीन किती. डॉक्टरांनी एकही विचारला नाही. ते पुढं चालत आणि मधूनच थांबून मागं बघत, तेव्हा मी कुठं बघतोय एवढंच पाहत. मी बहुतेक वेळ पायांखाली बघत होतो, कारण पडायची भीती. तळाशी पोचल्यावर मात्र मान आपोआप वर गेली. दोन्ही बाजूंना काळे कडे सरळ उभे, त्यांच्यावर उन्हाची पहिली कड आलेली, आणि मधे आभाळाची एक निळी पट्टी. कुठंतरी मोर ओरडला आणि तो आवाज दरीच्या एका भिंतीवरून दुसरीवर जात लांबवर गेला. मी तसाच मान वर करून उभा राहिलो. डॉक्टरांनी खाँसाहेबांकडं पाहिलं. खाँसाहेब म्हणाले, "हौ. चलो आगे."

एका वळणावर कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली होती, हांड्यांएवढी. त्यांच्या खालून जाताना बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, दगड घरंगळू द्यायचा नाही. डॉक्टरांना गप्प राहण्याचा तेवढाच प्रसंग वर्षातून एकदा येई. ते ओठ घट्ट मिटून हातवारे करत चालले आणि मोहोळं मागं पडल्याबरोबर अडलेलं सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. दोघं म्हातारे बोलत पुढं गेले आणि आम्ही दोघं मागं राहिलो. मला वाटतं, ते मुद्दाम पुढं गेले.

ती एका धोंड्यावर टेकली आणि चपलेतला खडा काढत म्हणाली, "मला दातांचं शिकायचंय. कॉलेज इथंच आहे, मार्क आहेत. अण्णा नको म्हणतात. मुलीच्या मनगटात जोर नसतो म्हणे. तुम्हीही नकोच म्हणणार असाल तर आत्ताच सांगा. वर गेल्यावर उगाच पोहे करावे लागतील."

ती बी.एस्सी. करता करता वडिलांच्या दवाखान्यात मदत करत होती. हत्यारं उकळायची, सुई भरायची, औषधं कालवायची, रडणाऱ्या मुलांना धरायचं, सगळं करायचं, पण चिमटा हातात घ्यायचा नाही. मी तिला सांगितलं की आमच्या पाचोडच्या बाजारात एक माणूस बैलबाजाराच्या कडेला सतरंजी टाकून बसतो आणि पक्कडीनं दात उपटतो. आमचा सगळा गाव त्याच्यापुढं तोंड उघडतो. तेव्हा शिकलेला एक दंतवैद्य वाढला तर माझी कशाला हरकत असेल? ती हसली, पण पुरती नाही. म्हणाली, "तुमची नाही, पण अण्णांची आहे." आणि उठून चालू लागली.

दरीच्या मध्यावर एक कुंड आहे. भर उन्हाळ्यातही त्यात हात बुडेल इतकं पाणी असतं. तिथं कड्याच्या सावलीत भाकरी सोडायची असा रिवाज. जवारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. डॉक्टर मोठ्या आनंदात होते. अक्कलदाढेबद्दल मला काहीतरी समजावत होते. दुसरा घास त्यांनी तोंडात घातला, कडकन आवाज झाला, आणि डॉक्टर वाक्याच्या मधोमध थांबले.

भाकरीत खडा होता. पण एका खड्यानं एवढं होत नाही. त्यांनी गालावर हात दाबला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. ती डॉक्टरांनी नाही, खाँसाहेबांनी सांगितली. डॉक्टरांची खालची डावी दाढ महिनाभर ठणकत होती. ते गुपचूप लवंग धरून दिवस काढत होते. खाँसाहेबांना तेवढं ठाऊक होतं, कारण लवंगा त्यांच्याच गल्लीतून नेल्या जात. सबंध शहराच्या दाढा काढणारे डॉक्टर स्वतःची दाढ काढून घ्यायला घाबरत होते. त्यांच्या आयुष्यात ते दुसऱ्याच्या खुर्चीत एकदाही बसलेले नव्हते.

आता दाढ उभी चिरली होती. डॉक्टरांनी हातानं 'चला' अशी खूण केली, चार धोंडे ओलांडले आणि पाचव्यावर बसले. चेहरा पांढराफटक. पुढच्या टोकाची कपार मला तोवर ठाऊक नव्हती, पण बाकीच्या तिघांना होती. तिथं दोन्ही हातांनी धरून, डोकं ताळ्यावर ठेवून चढावं लागतं. मागं फिरावं तर तेवढेच धोंडे पुन्हा ओलांडायचे, तेही चढणीनं. ऊन तळाशी उतरू लागलं होतं, छागली निम्म्या झाल्या होत्या आणि गावातून गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. खाँसाहेबांनी छत्री उघडून डॉक्टरांवर धरली आणि शांतपणे म्हणाले की आता दोनच गोष्टी आहेत. एकतर मी आणि हा पाचोडवाला तुला उचलून नेतो आणि तिघंही कपारीतून खाली पडतो, किंवा ती दाढ इथंच राहते.

डॉक्टरांनी मानेनं नकार दिला. ती तोपर्यंत कुंडाशी जाऊन हात धुऊन आली होती. स्टीलचा डबा तिनं उघडला, स्पिरिटनं हत्यारं पुसली, सुई भरली आणि वडिलांच्या समोर गुडघ्यांवर बसली. ते 'मनगट' असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही रोज लोकांना काय सांगता? तोंड उघडा, डोळे मिटा, बाकीचं माझ्यावर सोडा. तेवढंच करा." आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही मागून डोकं धरा. सोडायचं नाही."

तर माझ्या भावी सासऱ्यांना मी पहिला नमस्कार करण्याआधी त्यांचं डोकं कवेत धरलं. दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या शर्टाला लागत होता. माझे हात कापत होते आणि ते त्यांच्या कवटीला कळत असणार. तिनं सुई दिली, बधिर व्हायची वाट पाहिली, आणि त्या वेळात खाँसाहेबांनी छत्री सावरत, उघड्या तोंडाच्या डॉक्टरांना विचारलं, "क्यों डाक्टर, तुम मोरघळ देखे क्या?" डॉक्टरांच्या घशातून आवाज आला. खाँसाहेबांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पठार, उतार, धोंडे, मोहोळं. डॉक्टर चिडून डोळे वटारत होते, पण मला मात्र हातांखालची ती मान थोडी सैल झालेली कळत होती.

तिनं चिमटा घातला. मला तिचा चेहरा समोर दिसत होता. ओठ मिटलेले, नजर एका जागी. तिनं ओढलं नाही, आधी हळूहळू आत-बाहेर हलवलं, जसं तिनं वडिलांना करताना पाहिलं होतं. दाढेचा एक तुकडा निघाला. डॉक्टर कण्हले. आता तिचं काय होतंय या भीतीनं मीच डोळे मिटले. उघडले तेव्हा उरलेली दाढ मुळांसकट चिमट्यात होती आणि ती चिमटा उन्हात फिरवून मूळ पुरतं आलं का ते बघत होती. मग तिनं कापसाची घडी दाढेच्या जागी ठेवली आणि वडिलांचा जबडा मिटवला. ती कुंडाशी जाऊन पाठमोरी बसली. डॉक्टरांनी माझ्या हातांतून डोकं सोडवून घेतलं, दगडावर ठेवलेली दाढ उचलली, चष्मा पुसून तिचं मूळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं. ते उठले, मुलीपाशी गेले आणि तिचं उजवं मनगट हातात घेऊन नुसते उभे राहिले.

कपार आम्ही चढलो. मी डॉक्टरांच्या मागं होतो आणि त्यांना आधाराची गरज अजिबात लागली नाही. त्यांनाच दोनदा माझा पाय धरून योग्य खाचेत ठेवावा लागला. वर आलो तेव्हा वारा सुटला होता. कड्याच्या कडेनं टेंभुर्णीची झाडं होती आणि पिवळी टेंभरं पिकून खाली पडलेली. आम्ही ती खात, खाली आपण चाललो ती पांढरी रेघ बघत चाललो. बोलायला कुणीच अडवत नसल्यामुळं तिघंही बोलत होतो. खाँसाहेबांनी तरुणपणीचे सगळे किस्से सांगितले. डॉक्टर मधूनच हात उंच करून त्यातल्या चुका दुरुस्त करू बघत, पण बोटांनी किती सांगणार? तिनं मला अक्कलदाढ वरून दाखवली. वरून ती अगदी लहान दिसत होती.

गावात लिंबाखाली नेहमीसारखी मंडळी बसली होती. पुढं एक म्हातारी, गालाला हळद लावलेली. म्हणाली, "लई दिस झाले डाक्टर, तुमचीच वाट पाहत व्हते." डॉक्टरांनी डबा उघडला, चिमटा स्पिरिटनं पुसला, पुन्हा एकदा पुसला आणि मुठीची बाजू पुढं करून मुलीच्या हातात दिला. स्वतः ते म्हातारीच्या मागं गेले आणि तिचं डोकं धरून उभे राहिले. मी धरलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळ बरं धरलेलं होतं. म्हातारीनं वर डॉक्टरांकडं, समोर पोरीकडं पाहिलं. "ही काढती व्हय? काढ माय. डाक्टर आज बोलत नाय, लई बरं वाटतंय."

त्या वर्षी तिचा कॉलेजात प्रवेश झाला आणि पुढच्या वर्षी आमचं लग्न. माझी निवड कशी झाली हे मी डॉक्टरांना, म्हणजे लग्नानंतर सासरे झालेल्या मामांना, पुष्कळदा विचारलं. ते म्हणत, मी निवडलं नाही, मला तेव्हा बोलता येत नव्हतं. हिला विचारलं तर म्हणते, हात कापत होते पण तुम्ही सोडलं नाहीत. वडिलांनी लग्नात मामांना बाजूला घेऊन डोंगरातल्या जमिनीबद्दल विचारलंच. मामांनी त्यांना पुढच्या वैशाखात मोरघळीत नेलं, आणि परत आल्यावर वडील मला म्हणाले, "पीक काय येत नाय तिथं. पर गडी लई खूश व्हतो."

पुढं दवाखाना हिनं चालवला. मामा सकाळी येऊन खिडकीपाशी बसत आणि रोग्याच्या तोंडात बोळे गेल्याची खात्री झाली की खुर्ची जवळ ओढत. तिनं त्यांना कधी अडवलं नाही. खाँसाहेब गेले त्या उन्हाळ्यात मामा फेऱ्याला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पण छत्री घेऊन. उघडली नाही, नुसती काखेत धरून चालले.

मग त्यांचे गुडघे गेले. कपार चढणं बंद झालं, उतारही बंद झाला. तरी ते गावापर्यंत यायचेच. मी, ही आणि आमची दोन मुलं दरीत उतरायचो आणि ते कड्यावर थांबायचे. पहिल्या वेळी मला वाटलं, कंटाळून शाळेच्या ओसरीवर जाऊन पडतील. तळाशी पोचल्यावर सहज वर पाहिलं तर कड्याच्या काठावर डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक लहानशी आकृती. आम्ही हात केला, तिनं हात केला. आम्ही पुढं चाललो, वळणापाशी पुन्हा वर पाहिलं, तर ती आकृतीही वळणावर आलेली. काठी टेकत, थांबत, आमच्या डोक्यावरून ते आमच्या बरोबरीनं चालले होते. मुलं खालून ओरडायची, "आजोबा, इथं पाणी आहे," आणि बऱ्याच वेळानं, दोन्ही भिंतींवर आपटत, त्यांचा आवाज खाली यायचा. शब्द काही कळायचे नाहीत. त्यांना जेवढं चालवे तेवढं अंतर दर वर्षी थोडं कमी व्हायचं. एका वर्षी ते कुंडापर्यंत आले, पुढच्या वर्षी मोहोळांपर्यंत. त्यानंतरच्या वर्षी पहिल्या वळणापाशीच थांबले आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत रुमाल हलवत राहिले.

आम्ही अजूनही जातो. मुलं मोठी झाली, त्यांच्या बायका येतात, गाडी थेट पठारापर्यंत जाते. तळाशी उतरलो की सगळे बोलत, हसत चालतात. पहिल्या वळणापाशी मात्र कुणी काही न सांगता चालणं मंदावतं, आणि आम्ही वर बघतो. काळा कडा असतो, त्यावर ऊन असतं, निळ्या आभाळाची पट्टी असते. धाकटी सून, जिनं त्यांना कधी पाहिलंच नाही, तीसुद्धा आमच्याबरोबर मान वर करून थोडा वेळ उभी राहते.